तिपाईला पट्टा लागतो का?

पट्टेमास्तरांनी उभ्या जन्मात कोणाला एक धडा शिकवला नाही, तरी अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. शिंप्याला म्हणतात ना, तसं. मग बायको ओघानेच मास्तरीणबाई झाल्या. "ना शाळा, ना फळा, आणि म्हणे मास्तरीण!" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या, पण कोणी नुसतं काकू म्हटलं की तासभर फुगून बसायच्या.

मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या दारासमोर मास्तरांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. खिडकीशी जाड सुईचं शिलाई मशीन, खुंट्यांवर चामड्याचे आणि निवारीचे तुकडे, एका बरणीत बकलं, दुसरीत रिबिटं आणि तिसरीत लिमलेटच्या गोळ्या, कारण माप घेताना लहान मुलं रडतात. कमरेचे पट्टे, मानेचे पट्टे, गुडघ्याचे, अंतर्गळाचे, आणि लुळ्या पडलेल्या पायाला लोखंडी सळ्यांचा बूट, ज्याला कॅलिपर म्हणतात तो. एकेचाळीस वर्षं मास्तर हेच करत आले होते. कोणी म्हणायचं, "मास्तर, लोकांना आधार देता, केवढं पुण्य लागत असेल!" मास्तर म्हणायचे, "पुण्य कसलं बाबा, मी कंबर मोजतो."

त्यांच्या उस्तादाने त्यांना एकच मंत्र दिला होता: आधी चाल, मग माल. कागदावर डॉक्टरने काहीही लिहिलेलं असो, माणूस अनवाणी चालताना बघितल्याशिवाय चामडं कापायची रापी हातात घ्यायची नाही. म्हणून दारापासून मागच्या भिंतीपर्यंत बारा पावलं काळी फरशी मोकळी ठेवलेली असे. तळपायाला खडूची पूड लावायची, चालायला सांगायचं आणि मग मास्तर उकिडवे बसून फरशीवरची पावलं वाचायचे. टाच कुठे कमी टेकली, अंगठा कुठे घासला, माणूस कुठल्या अंगावर भार टाकतो, सगळं. कित्येकांना तर ते "तुम्हाला पट्टा नको, नवी चप्पल घ्या," असं सांगून परत पाठवायचे. मास्तरीणबाई म्हणायच्या, "गिऱ्हाईक घालवावं तर आमच्या ह्यांनीच!"

तर अशा या दुकानात एका मंगळवारी सकाळी मास्तरांची लेक आली, आणि तिच्याबरोबर एक तीन पायांची कुत्री.

आता लेक बापाच्या दुकानात आली यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. मोठंसं हे की ती तेवीस वर्षांनी आली होती.

लेक चार वर्षांची असताना तिला ताप आला आणि ताप उतरला तो उजव्या पायातलं बळ घेऊन. मास्तरांनी स्वतःच्या हाताने तिला कॅलिपर केला. ती वाढत गेली तसा दरवर्षी नवा. सोळाव्या वर्षी एके दिवशी ती दुकानात आली, पायातला कॅलिपर काढून टेबलावर ठेवला, म्हणाली, "बाबा, पाय माझा आहे," आणि लंगडत निघून गेली. परत तिने तो घातला नाही आणि परत या उंबऱ्यात पाऊल टाकलं नाही. भांडण म्हणाल तर तसं नव्हतं. शिकली, बसडेपोत चौकशीच्या खिडकीवर नोकरीला लागली, दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या मजल्यावर एकटी राहू लागली. दर रविवारी आईबापाकडे जेवायला यायची, हसायची, बोलायची. फक्त पट्टा हा शब्द त्या घरातून हद्दपार झाला. घड्याळाचा पट्टा तुटला तर मास्तरीणबाई म्हणायच्या, "अहो, ते तुमचं हातातलं तुटलंय." इतका सगळ्यांनी कानाला खडा लावून घेतलेला.

कुत्री डेपोतली. दोन वर्षांपूर्वी बसच्या मागच्या चाकाखाली तिचा मागचा डावा पाय आला. लेकीनेच तिला उचलून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पाय मांडीपासून काढावा लागला. महिन्याभरात कुत्री उभी राहिली, दुसऱ्या महिन्यात पळायला लागली आणि तिसऱ्यात लेकीच्या गादीवर झोपायला लागली. ड्रायव्हर लोकांनी तिचं नाव ठेवलं तिपाई. चार पाय होते तेव्हा बिचारीला कोणी नाव दिलं नव्हतं.

"डॉक्टरीणबाईंनी पाठवलं," लेक म्हणाली आणि तिने चिठ्ठी पुढे केली.

मास्तरांनी चष्मा लावला. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'तीन पायांची कुत्री, वय सुमारे नऊ. महिनाभर जिना चढताना मध्येच बसते. हाडात दोष दिसत नाही. मागच्या बाजूला आधारपट्टा हवा की नको, हे चाल बघून ठरवावे.' खाली पत्ता: पट्टेमास्तर, हॉस्पिटलच्या मागे.

"त्यांना माहीत आहे का, मी तुझा..."

"नाही. मला म्हणाल्या, या कामात त्यांच्यासारखा दुसरा माणूस नाही. मी काय बोलणार? म्हटलं, हो, ऐकलंय खरं." तिला हसू आलं, पण ते तिने अर्ध्यातच आवरलं. "हे बघा बाबा, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला वाटतं हिला काही नको. वय झालं, दमते, एवढंच. पण मी बसच्या वेळा सांगणारी बाई. तुम्ही बघा आणि सांगा."

आणि इथेच मास्तरांची खरी पंचाईत होती. असा पट्टा म्हणजे पोटाखालून, मांडीच्या पुढून जाणारी रुंद निवार आणि पाठीवर धरायला मूठ. मूठ जराशी उचलली की मागच्या एकुलत्या एका पायावरचा भार हलका होतो. गरज असून दिला नाही तर तो पाय जाणार, आणि दोन पायांवर कुत्री काय करणार? पण गरज नसताना दिला तर असलेलं बळही जातं, हे मास्तर चाळीस वर्षं लोकांना सांगत आलेले. हे झालं कुत्रीचं. त्यांचं स्वतःचं वेगळंच होतं. 'पट्टा लाव' म्हटलं की लेक म्हणणार, बाबा तसेच आहेत. तेवीस वर्षांनी उंबऱ्याच्या आत आलेली पोर त्याच उंबऱ्यावरून परत जाणार.

आणि हात बघा कसा असतो माणसाचा! डोक्यात हे सगळं चाललेलं असताना हात आपला गळ्यातली मापाची फीत काढून कुत्रीच्या कमरेकडे निघाला होता.

"आधी चाल ना?" लेक म्हणाली.

मास्तरांनी फीत चटकन परत गळ्यात टाकली. कान लाल झाले त्यांचे.

"दोन दिवस राहू दे इथे," ते म्हणाले. "बघतो."

*

बघतो म्हणणं सोपं. तिपाईबाईंनी पहिल्या तासातच मास्तरांची एकेचाळीस वर्षांची विद्या धुळीला मिळवली. तळव्याला खडूची पूड लावली, तर तिने बसून ती चाटून साफ केली. परत लावली, परत चाटली. तिसऱ्या वेळी तिने स्वतःहूनच पंजा पुढे केला, जणू हा माणूस काहीतरी खायला देतोय. फरशीवर चालवावं तर दोन पावलं टाकून ती मास्तरांच्या पायाशी येऊन आडवी व्हायची. समोर लिमलेटची गोळी धरली, तर गोळी खाल्ली आणि आडवी झाली.

"अहो बाईसाहेब, चाला की जरा," मास्तर हात जोडून म्हणाले.

डबा घेऊन आलेल्या मास्तरीणबाई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. "लग्नानंतर मला कधी एवढ्या अजिजीने बोलला नाहीत," त्या म्हणाल्या. मग डबा ठेवता ठेवता त्यांनीच तोडगा काढला. "खडू कशाला हवा? पाणी लावा. आणि कोंडून काय चालणार ती, बाहेर न्या."

दुपारी गल्लीने एक तमाशा बघितला. पुढे तीन पायांची कुत्री, मागे सहासष्ट वर्षांचे मास्तर, एका हातात दोरी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. दहा पावलांवर थांबायचं, पंजे ओले करायचे, चालायचं, आणि कोरड्या सिमेंटवरचे ओले ठसे वाळायच्या आत वाकून बघायचे. सायकल दुरुस्तीवाला ओरडला, "मास्तर, कुत्रीला वळण लावताय की कुत्रीने तुम्हाला लावलंय?" मास्तरांनी मान वर केली नाही. ते ठसे वाचत होते आणि वाचताना त्यांना जगाची शुद्ध नसायची.

पुढचे दोन पाय झकास. मागचा एकटा पाय बरोबर मध्ये पडत होता, पोटाच्या सरळ रेषेत. शहाणी आहे पोर, मास्तर मनात म्हणाले. कोणी शिकवलं नाही, तरी तिने आपला तोल स्वतःच शोधला होता. त्यांना मनापासून आनंद झाला. पट्टा नको! कशाला हवा? लेकीला कसं सांगायचं याची वाक्यंही मनात तयार झाली.

पण मास्तर खोटे नव्हते. ते चालत राहिले. पहिली गल्ली संपली, दुसरी सुरू झाली आणि पिठाच्या गिरणीसमोर त्यांना मागच्या ठशाच्या पुढे दोन बारीक ओल्या रेघा दिसल्या. पुढच्या पावलाला परत त्याच. मास्तर तिथेच रस्त्यात बसले, तिपाईचा मागचा पंजा हातात घेतला आणि नखं बघितली. मधली दोन नखं पुढून तिरकी घासलेली होती. थकलं की पाय उचलला जात नव्हता, ओढला जात होता. आणि हे काही आजचं नव्हतं, नखं घासायला महिने लागतात.

बुधवारी सकाळी त्यांनी खात्री करून घेतली. हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यावर तिला नेलं. आठ पायऱ्या ती टुणटुणत चढली. नवव्या पायरीला मागचा पाय थरथरला आणि ती बसली. मास्तरांकडे बघून तिने शेपूट हलवलं, चूक झाल्यासारखं.

"नाही गं, तुझी काही चूक नाही," मास्तर म्हणाले आणि तिच्याशेजारी पायरीवर बसून राहिले. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून जात होते.

संध्याकाळी ड्यूटी संपवून लेक आली. उंबऱ्यात उभी राहून तिने विचारलं, "काय ठरलं?"

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. भुवया जराशा वर, हनुवटी घट्ट. सोळाव्या वर्षी तिने टेबलावर कॅलिपर ठेवला होता तेव्हाही अगदी अशीच. आणि त्यांच्या तोंडातून निघालं, "मला नाही वाटत गरज आहे. वय झालंय, बाकी काही नाही."

लेकीचा चेहरा असा खुलला म्हणता! ती चक्क आत आली, स्टुलावर बसली, चहा प्यायली. बरण्या बघून म्हणाली, "लिमलेट अजून ठेवता?" एक गोळी तोंडात टाकून तिपाईला घेऊन गेलीसुद्धा.

मास्तर घरी आले ते पानावर नुसते बसले. चपाती मोडायची, ठेवायची, मोडायची, ठेवायची.

"काय झालं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"तुमचं 'काही नाही' मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. बोला."

मास्तर बोलले. दोन रेघा, घासलेली नखं, नववी पायरी, आणि शेवटी लेकीला काय सांगितलं ते. मास्तरीणबाई ऐकत राहिल्या. एरवी त्यांच्या जिभेला हाड नाही, पण त्या दिवशी त्यांनी पाण्याचं भांडं नवऱ्यापुढे सरकवलं आणि एवढंच म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही गरज नसताना लावलात. आता गरज असून लावत नाही. अहो, दुधाने तोंड पोळलं म्हणून त्या मुक्या जनावराने का ताक फुंकायचं?"

*

गुरुवारी सकाळी मास्तर दुकान न उघडता थेट लेकीच्या दारात. दोन मजले चढून त्यांना धाप लागली होती. लेक ड्यूटीवर निघायच्या तयारीत होती. केसांना पिना लावता लावता तिने दार उघडलं.

"पट्टा लागेल," मास्तर उभ्याउभ्याच म्हणाले. तेवीस वर्षांत तो शब्द त्यांनी पहिल्यांदा तिच्यासमोर उच्चारला.

लेकीने दातातली पीन काढली. "काल तर नाही म्हणालात."

"काल मी तुला बघून म्हणालो. आज कुत्रीला बघून म्हणतोय."

मास्तरांनी खाली बसून तिपाईचा पंजा उचलला आणि नखं दाखवली. ओल्या रेघांचं सांगितलं, गिरणीचं सांगितलं, नवव्या पायरीचं सांगितलं. लेकीने स्वतः नखांवरून बोट फिरवलं. हे तिला रोज दिसत होतं आणि रोज ती त्याला म्हातारपण म्हणत होती. तिचं तोंड एवढंसं झालं.

मग ती तशीच जमिनीवर बसून, पंजा हातात धरून म्हणाली, "आणि माझ्या वेळी कोणाला बघून म्हणाला होतात?"

मास्तरांना वाटलं होतं हा प्रश्न आला तर जमीन दुभंगेल. तसं काही झालं नाही. बाहेर कोणीतरी बादली सरकवत होतं.

"मी दहा वर्षांची होते," लेक म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने. "हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, अर्धा दिवस काढून बघा, मुलीला सुटं चालू द्या. मी तिथेच बसले होते, ऐकलं मी. केवढी खूश झाले होते! आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही नवा कॅलिपर आणलात. त्याचं बक्कल मांडीच्या मागे होतं. आधीच्याचं पुढे असायचं. मागचं माझ्या हाताला लागायचं नाही बाबा. वर्गातल्या मुलींना सांगून उघडून घ्यायचे मी, आणि परत लावायला त्यांना जमायचं नाही. गल्लीतल्या सगळ्यांची चाल बघायचात तुम्ही. मला एकदा तरी त्या फरशीवर चालवलंत?"

मास्तरांकडे सांगण्यासारखी कारणं पुष्कळ होती. चामडं पुढे घासायचं, शाळेत ढकलाढकली व्हायची, वगैरे वगैरे. ही कारणं त्यांची बायकोला सांगून झाली होती, स्वतःलाही सांगून झाली होती. आज एकही तोंडाला येईना.

"नाही चालवलं," ते म्हणाले. "मला बघवायचं नाही. लोकांची पावलं वाचायला बसायचो, तुझी वाचायची हिंमत नव्हती. एकदा पडली होतीस तू अंगणात, ओठ फुटला होता. माझा जीवच गेला. मग बक्कल मागे केलं, म्हणजे तू काढणार नाहीस आणि मला बघावं लागणार नाही. तुझ्या पायासाठी नव्हतं ते. मी भित्रा होतो. चुकलो मी, पोरी."

लेक बराच वेळ तिपाईच्या कानामागे खाजवत राहिली. तिपाईला या सगळ्याशी काय देणंघेणं? तिने मजेत डोळे मिटून घेतले होते.

"मला बस चुकेल," शेवटी लेक म्हणाली आणि उठली. दारात चपला घालताना तिने मागे न बघता विचारलं, "दिवसभर घालायचा का हिला?"

"छे! घरात अजिबात नाही. सपाट जागेवर नाही. जिन्यावर, आणि गिरणीच्या पुढे जायचं असेल तेव्हा. मूठ नुसती धरायची, उचलायची नाही. दमली असं तुला वाटलं तरच दोन बोटं वर. एरवी तिचं तिला चालू दे."

"आणि मला वाटलं, आज नको?"

"तर काढायचा. मला विचारायला यायचं नाही."

लेकीने वळून बापाकडे बघितलं. एकेचाळीस वर्षांत मास्तरांनी कोणाला 'मला विचारू नका' असं सांगितलं नव्हतं. औषधासारखे तास ठरवून द्यायचे ते. स्वतःचंच वाक्य ऐकून तेही जरा गडबडले होते.

"बक्कल कुठे हवं?" त्यांनी विचारलं.

"पाठीवर. माझ्या हाताला लागेल असं."

*

दोन दिवस मास्तर त्या पट्ट्याला लागले होते. चामडं त्यांनी घेतलंच नाही, नाकापेक्षा मोती जड नको. हलकी निवार घेतली, आतून मऊ फेल्ट, कडा दुमडून शिवलेल्या, मांडीपाशी काचू नये म्हणून शिवण बाहेरच्या बाजूला. पहिला तुकडा त्यांनी चार पायांच्या हिशेबाने कापला, एवढी वर्षं दोन्ही बाजू सारख्या कापायची सवय! डाव्या बाजूचा फास कुठे अडकवायचा, असं विचारत ते हातात धरून बसले तेव्हा मास्तरीणबाईंना हसू आवरेना. "तिथे पायच नाही हो! कुठे अडकवताय, हवेत?" मग डावी बाजू बंद करून तिथे फेल्टची नुसती गादी दिली.

रविवारी लेक जेवायला आली नाही. तिने निरोप पाठवला की पट्टा घेऊन तुम्हीच या. मास्तरीणबाई म्हणाल्या, "तुम्हीच म्हणजे तुम्हीच. मी येत नाही. जा." आणि डोळे पुसायला उगीचच आत गेल्या.

खालच्या फाटकापाशी लेक आणि तिपाई उभ्या होत्या. लेकीनेच पट्टा चढवला, बक्कल लावलं. तिपाईने मान वळवून पाठीकडे बघितलं, एकदा अंग झटकलं, जागच्या जागी गोल फिरली आणि आपलं शेपूट जागेवर आहे याची खात्री पटल्यावर जिना चढायला लागली. आठ पायऱ्या लेकीने मूठ नुसती धरली होती. नवव्या पायरीला तिने दोन बोटं वर केली. तिपाई थांबली नाही. दहावी, अकरावी, वळण. पहिल्या मजल्यावर तिने एकदा मागे बघून भुंकून घेतलं, कोणाला उद्देशून कोण जाणे, आणि दुसऱ्या मजल्यावर दार उघडायच्या आत दाराला नाक लावून उभी राहिली.

मास्तरांच्या छातीवरचं ओझं उतरलं. आत गेल्या गेल्या लेकीने बक्कल काढलं, पट्टा खुंटीला टांगला, आणि तिपाई सुटी होऊन खोलीभर हुंदडली. लेक हसली. अर्ध्यात आवरलं नाही तिने या वेळी, मोठ्याने हसली. मास्तर खुर्चीवर बसून बघत होते. पट्टा कसा बसलाय हे बघायला आलेला माणूस, पण तो खुंटीवरचा पट्टा त्यांना दिसतच नव्हता.

लेकीने तिपाईची पाण्याची वाटी भरली. वाटी भरली तरी नळ चालूच होता. तिने तो बंद केला आणि पाठमोरीच उभी राहिली.

"बाबा."

"हं."

"माझापण पाय दुखतो. वर्ष झालं. आधी जिना एका दमात चढायचे, आता पहिल्या मजल्यावर थांबते. मीही तेच म्हणत होते, वय झालं. चाळिशी आली." ओल्या हातांनी तिने नळ परत घट्ट केला. "डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली ना, तेव्हा चार दिवस पर्समध्ये ठेवली होती मी. कुत्रीसाठी जाऊ की नको, एवढंच नव्हतं ते."

मास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. उठून तिला जवळ घ्यावं असं वाटत होतं, पण ते बसूनच राहिले.

लेक वळली. तिने चपला काढून भिंतीशी सरकवल्या आणि साडीच्या निऱ्या घोट्याच्या वर उचलून धरल्या. उजवी पोटरी हडकलेली, डावीच्या निम्मीसुद्धा नाही. सोळाव्या वर्षानंतर तो पाय तिने आईलाही दाखवला नव्हता.

"काही लावायचं की नाही ते नंतर बघू. मी ठरवीन," ती म्हणाली. "आधी तुम्ही चाल बघा."

आणि ती स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालत गेली. अनवाणी, सावकाश, भिंतीला हात न लावता. दारापाशी वळली आणि परत आली. तिपाई तिच्या मागोमाग गेली, मागोमाग आली. लेक बापासमोर येऊन उभी राहिली.

"काय दिसलं?"

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला, परत काढला. काच पुसून काय होणार होतं?

"परत एकदा चाल गं," ते म्हणाले. "मला नीट दिसलं नाही."